भिंतीवरचे पाय

१

सोमवारी सकाळी चालबाईंनी कारखान्याचं दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. समोरच्या भिंतीवर एकच पाय उरला होता.

कारखाना कृत्रिम पायांचा. आत शिरल्या शिरल्या जी लांब भिंत लागायची, तिच्यावर ओळीने पाय टांगलेले असत. दाखवायचे नवेकोरे पाय नव्हेत, फसलेले. कुणाचा घोटा मोडलेला, कुणाची उरलेला पाय बसवायची वाटी तडकलेली, एखादा सरळ आखूडच झालेला. नवखा माणूस ते बघून दचकायचा आणि आपण भलत्याच ठिकाणी तर आलो नाही ना, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटायचं. पण ज्या मोठ्या बाईंनी कारखाना सुरू केला, त्यांनीच पहिला फसलेला पाय तिथे टांगला होता, तोही स्वतः केलेला. लाकडाचा होता. पहिल्याच जिन्यावर उभा चिरला होता. तेव्हापासून रीत पडली: ज्याचं काम फसेल त्याने ते स्वतःच्या हाताने टांगायचं, आणि शनिवारी सगळ्यांनी चहा घेऊन भिंतीखाली बसायचं. टांगणाऱ्याने काय झालं ते सांगायचं, बाकीच्यांनी विचारायचं. कुणी कुणाला बोल लावायचा नाही. निम्मं काम लोक तिथेच शिकले होते.

आता उरला होता तो मोठ्या बाईंचा लाकडी पाय. बाकीच्या खुंट्या उघड्या. प्रत्येक पाय एका चामडी पट्ट्याने टांगलेला असे, पट्ट्याला छोटं बक्कल. ते सगळे पट्टे कापलेले होते, आणि त्यांचे तुकडे खालच्या बाकावर एकावर एक नीट रचून ठेवलेले होते.

चालबाईंनी एक तुकडा उचलून पाहिला. बक्कल लागलेलंच होतं. तेवढ्यात मागून कारखाना चालवणारे साहेब आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आजच. नेमकं आजच."

२

आजच का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात एका टपालवाल्याचा पाय जिना उतरताना घोट्याशी मोडला. माणूस गडगडत खाली आला आणि मनगट मोडून बसला. तो मोडका पाय भिंतीवर आला होता आणि तो तपासायला आज संध्याकाळी बाहेरून एक तज्ज्ञ यायचे होते. आता तपासायचं काय?

साहेबांनी चालबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. घोट्याचं काम जोडताईंचं, ते म्हणाले. पाऊल आणि नळी यांची जोडणी त्याच करतात. मोडलं ते तिथेच. तेव्हा पाय नाहीसे होण्यात फायदा कुणाचा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. संध्याकाळपर्यंत दुसरं काही पुढे आलं नाही, तर जोडताईंना घरी बसायला सांगावं लागेल.

"एकच पाय लपवायचा तर सगळे कशाला नेले असतील?" चालबाईंनी विचारलं.

"एकच नेला असता तर लगेच कळलं असतं ना."

यात तथ्य होतं. तरी चालबाईंना ते पटलं नाही. त्या पाय बनवत नसत. बनलेल्या पायांवर चालायला शिकवत. दोन आडव्या दांड्यांच्या मधे उभं राहून रोज माणसं हळूहळू पावलं टाकत, आणि त्या समोरून, बाजूने, मागून बघत. माणूस तोंडाने बरं आहे म्हणाला तरी त्याची कंबर काय म्हणते ते त्यांना दिसायचं. साहेबांनी म्हणूनच त्यांना निवडलं असावं. कुठल्याही पायात त्यांचा हात नव्हता, म्हणजे त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या.

"संध्याकाळपर्यंत मला विचारू द्या," त्या म्हणाल्या. "आणि या आठवड्यात जे नवे पाय द्यायचेत, ते थांबवा."

साहेबांनी मान हलवली. लोक कधीपासून वाट बघत होते त्या पायांची. ते थांबवता येणार नाहीत.

म्हणजे दोष सापडला नाही तर आणखी कुणीतरी जिन्यावरून पडणार होतं.

३

भांडार सांभाळणाऱ्या किल्लीभाऊंकडे त्या आधी गेल्या. किल्लीभाऊ किल्ल्यांच्या बाबतीत फार कडक. जुडगा कमरेला, आणि झोपतानाही तो काढत नाहीत असं त्यांची बायको सांगायची. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की शनिवारी आपण स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि रविवारी इकडे फिरकलोही नाही. दुसरी किल्ली? ती खिडकीतल्या मोडक्या दिव्याच्या मागे असते, पण ते गुपित आहे. हे गुपित कारखान्यात प्रत्येकाला त्यांनी स्वतः, एकेकट्याला गाठून, सांगितलेलं होतं. तेव्हा कुलपावरून काही उलगडणार नव्हतं.

मात्र जाता जाता ते एक बोलून गेले. अलीकडे पाय फार परत यायला लागलेत. पूर्वी भिंतीवर नवा पाय चढला की चार दिवस चर्चा चालायची. हल्ली लोक गपचूप येतात, टांगतात आणि निघून जातात.

जोडताई आपल्या टेबलाशी उभ्या होत्या. हातात काम नव्हतं. संशय आपल्यावर आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सकाळपासून त्यांच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं. चालबाईंनी खुर्ची ओढली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ राहिला. रविवारी त्या घरीच होत्या, सासूबाईंच्या उशाशी. साक्षीला सासूबाईच, आणि त्यांना तर काल काय वार होता तेही सांगता येणार नाही.

"मला तो पाय हवा होता, चालबाई," त्या म्हणाल्या. "माझं कुठे चुकलं ते मला बघायचं होतं. मी घोट्यातला तो खिळा तीनदा तपासला होता. सगळं नीट होतं. मग मोडला कसा?"

"मग शनिवारी विचारलं का नाहीस कुणाला?"

जोडताईंनी साहेबांच्या खोलीकडे नुसती नजर टाकली. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी नवा नियम लावला होता: ज्याची चूक, त्याच्या नावावर. वर्षअखेरीस कुणाचं काय करायचं ते त्यावर ठरणार. त्या शनिवारी चहा झाला, पण तोंड कुणीच उघडलं नाही. पुढच्या शनिवारी चहाही झाला नाही.

"या दोन महिन्यांत आणखी कुणाचे घोटे मोडले?"

"असतील. मी माझ्यापुरतं बघत होते. दुसऱ्याच्या टांगलेल्या पायाशी जाऊन उभं राहिलं, तरी त्याला वाटायचं ही चुगली करणार."

४

साहेबांना प्रश्न विचारणं अवघड होतं, पण ते विचारल्याशिवाय भागणार नव्हतं. ती भिंत त्यांना पहिल्यापासून खुपत होती. बाहेरचे पाहुणे आले की ते त्यांना मागच्या दाराने आत आणत.

चालबाईंनी आडवळण न घेता विचारलं. साहेब रागावले नाहीत. भिंत मी काढणारच होतो, ते म्हणाले, पण चोरून कशाला काढू? नुसतं सांगितलं असतं तरी उतरली असती. आणि मी काढली असती तर तो लाकडी पाय आधी काढला असता.

मग ते आपणहून नियमाबद्दल बोलू लागले. तो नियम का लावला हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साहेबांना इथे येऊन थोडेच दिवस झाले असताना कारखान्याचा पाय वापरणाऱ्या एक बाई पडल्या होत्या. ते त्यांना बघायला दवाखान्यात गेले. बाईंच्या मुलाने विचारलं, हा पाय कुणी केला? साहेबांना उत्तर देता आलं नाही. भिंतीखाली बसून चहा पिताना सगळे हसतखेळत बोलतात, आणि इकडे माणूस पडून राहतो, असं त्यांना वाटलं.

"मला वाटलं, नाव लागलं की लोक जपून काम करतील."

"केलं का?"

"पाय तर जास्तच परत येतायत," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच नवं वाटल्यासारखं दिसलं.

चालबाई बाहेर आल्या तेव्हा दोन गोष्टी मनात घोळत होत्या. चोराने लाकडी पायाला हात लावला नाही. म्हणजे त्या पायाचा मान राखणारं कुणीतरी, जुन्यातलं. आणि पट्टे. घाईत असलेला माणूस पट्टा कापतो, ठीक. पण घाईतला माणूस तुकडे रचून ठेवत नाही. वेळ हाताशी असताना, नखाने सुटणारं बक्कल न सोडता, जाड चामडं कापत बसायचं?

५

साच्यांच्या खोलीत साचेकाका होते. कारखान्यातलं सगळ्यात जुनं माणूस. मोठ्या बाईंच्या वेळचे. कापल्यावर उरलेल्या पायावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, हाड कुठे टोचेल आणि मांस कुठे भार सोसेल ते अंगठ्याने चाचपायचं, आणि त्याप्रमाणे साचा घासून त्यावर वाटी करायची, हे त्यांचं काम. पाय बसतो तो वाटीत. बाकी सगळं त्याखाली येतं. जोडताईंना हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

चालबाईंनी दोघांसाठी चहा आणला. पेले इतके तापले होते की पदरात धरून आणावे लागले. काकांनी आपला पेला घेतला आणि दोन्ही पंजांत धरून बसले. म्हातारी, निबर झालेली बोटं, चालबाईंना वाटलं.

काका फार बोलले नाहीत. रविवारी कुठे होता असं विचारल्यावर म्हणाले, कुठे जाणार या वयात. भिंतीबद्दल म्हणाले, जाऊ द्या, मोडकेच तर होते. चालबाईंना हे खटकलं. त्या भिंतीवर सगळ्यात जास्त पाय काकांचेच होते, आणि प्रत्येकाची गोष्ट ते रंगवून सांगायचे. आपल्या चुका सांगताना हा माणूस फुलायचा. आज तोच म्हणत होता, जाऊ द्या.

"जोडताईला संध्याकाळी घरी बसवणार आहेत," त्या म्हणाल्या.

काकांचा पेला हातातच राहिला. "तिला का?"

"घोटा तिचा ना."

काका पेला ठेवायला गेले तो कडेवर टेकला, कलंडला आणि चहा त्यांच्या अंगठ्यावरून वाहत गेला. चालबाई फडकं घेऊन पुढे झाल्या. काकांनी हात मागे घेतला नव्हता. ते दाराकडे बघत होते. चहा सांडलाय हे त्यांना चालबाईंच्या धावण्यावरून कळलं.

चालबाई फडकं हातात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग टेबल पुसून त्या बाहेर पडल्या.

६

संशय हा पुरावा नव्हे. आणि पुरावा तर भिंतीवरून उतरवून नेलेला.

दांड्यांच्या मधे उभं राहून त्या विचार करत होत्या. आणि एकाएकी त्यांना स्वतःचंच हसू आलं. पाय नेले होते. पाय वापरणारी माणसं कुठे नेली होती?

किल्लीभाऊंची स्मरणशक्ती दांडगी. दोन महिन्यांत घोटे मोडून कोण कोण परत आलं, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. जवळ राहणाऱ्यांना त्यांनीच निरोप धाडले. दुपारी एक शिंपीण आली, एक शाळामास्तर आले, आणि हात गळ्यात बांधलेला टपालवाला कुबडीवर आला. शिंपीण आणि मास्तर यांना मोडक्या पायाच्या जागी नवे पाय दिलेले होते.

चालबाईंनी दोघांना चालायला लावलं, आधी एकेकट्याने, मग एकामागून एक. शिंपीण बुटकी आणि जाड, मास्तर उंच आणि काटकुळे. दोघांचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. आणि तरी भार टाकायच्या क्षणी दोघंही कंबर एकाच बाजूला, आतल्या अंगाला चोरत होती. जणू एकाच आईची लेकरं.

हे त्यांनी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. शिंपिणीचं पाहिलं होतं, सवय होईल म्हणाल्या होत्या. मास्तरांचं पाहिलं होतं, त्यांनाही तेच म्हणाल्या होत्या. दोघांना एकत्र कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्यांनी तिघांना बसवून पाय उघडे करायला सांगितले. तिघांच्याही उरलेल्या पायावर बाहेरच्या बाजूला, हाड संपतं तिथे, एकाच जागी लाल वळ होता. आठवडाभर पाय न घालताही टपालवाल्याचा अजून मावळला नव्हता.

"दुखत होतं?"

"दुखायचं," टपालवाला म्हणाला. "म्हटलं, नवा पाय आहे, थोडं सोसावं. मी आपला आतल्या बाजूवर जोर देऊन चालायचो."

आतल्या बाजूवर जोर. रोज, प्रत्येक पायरीला, घोट्याच्या आतल्या खिळ्यावर सगळा भार. जोडताईंनी तो तीनदा काय, तीसदा तपासला असता तरी मोडलाच असता. मोडत होतं खाली, पण चुकत होतं वर, वाटीत. घोटा बघणाऱ्याने वाटी पाहिली नाही, वाटीवाल्याने घोटा पाहिला नाही, आणि चाल बघणारीने दोन्ही नाही. ते मोडके पाय शेजारी शेजारी ठेवून बघणाऱ्यालाच हे कळलं असतं.

एका माणसाने तसं पाहिलं होतं. म्हणूनच त्याने ते नेले.

७

काका खोलीत तसेच बसले होते. चालबाईंनी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं: पट्टे, लाकडी पाय, सांडलेला चहा, तीन वळ.

"बक्कल तुम्हाला सुटलं नाही," त्या म्हणाल्या. "बोटांना लागतच नाही ना काही?"

काकांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. वर्षभर झालं, ते म्हणाले. आधी टोकं बधिर झाली, मग दोनेक महिन्यांपूर्वी अंगठे. डॉक्टर म्हणाले, हे आता परत यायचं नाही. घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. साचे ते सवयीने घासत राहिले. इतक्या वर्षांत हाड कुठे असतं हे नजरेलाही कळतं, असं स्वतःला समजावत. टपालवाल्याचा पाय भिंतीवर आला, तेव्हा त्यांनी त्याच्या शेजारी आधीचे लावून पाहिले आणि चूक आपल्या वाटीत आहे हे त्यांना कळलं. तेवढेच नेले असते, तर तेच का, हे कुणीही विचारलं असतं. म्हणून सगळे नेले.

"तुम्ही तर हयातभर चुका सांगत आलात, काका."

"चूक सांगता येते, बाई. चूक उद्या सुधारता येते." ते थांबले. "हात गेला, हे कसं सांगायचं? आणि कुठे सांगायचं? तिथे आता नाव लागतं."

पायांचं काय केलं, एवढंच चालबाईंनी विचारलं. काकांनी कोपऱ्यातल्या जुन्या साच्यांच्या ढिगाकडे मान केली. पोत्यात गुंडाळून सगळे तिथेच ठेवलेले होते. फेकून देववले नव्हते.

"पोरीवर येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही," काका म्हणाले. मग भिंतीचा आधार घेत उठले. "चला. मीच सांगतो."

त्यांनी रिकाम्या भिंतीपुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलं. त्यांनी काही गाळलं नाही. जोडताईंनी काकांकडे एकदा पाहिलं आणि त्या उठून बाहेर गेल्या. काकांनी त्यांना हाक मारली नाही.

साहेब सगळ्यात मागे उभे होते. ते पुढे आले. तयार पाय आजच थांबवतो, म्हणाले, आणि या दोन महिन्यांतली प्रत्येक वाटी पुन्हा बघायची, ज्यांना दिल्या त्यांना बोलावून. तज्ज्ञ आले की त्यांनाही हेच दाखवायचं. नियम माझा होता, ते म्हणाले. आजपासून तो नाही. काकांसारखा माणूस हे एकट्याने वागवत होता आणि माझ्यापर्यंत ते आलं नाही, तर त्याला मीच कारण आहे. हे मला दोन महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं.

काका म्हणाले, मी आता घरी बसतो. त्याला कुणी हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपालवाल्याचा नवा साचा घ्यायचा होता. काका साच्यांच्या खोलीत हात मागे बांधून उभे होते, पाहुण्यासारखे. दार उघडलं आणि जोडताई आत आल्या. बाह्या वर सारून टपालवाल्यासमोर बसल्या आणि त्याच्या पायावर दोन्ही अंगठे ठेवले.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "काय लागतंय?"

"हाड."

"कसं?"

जोडताईंना शब्द सापडेना. असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. "वर गुळगुळीत," त्या म्हणाल्या, "वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं. मग एकदम... खडा."

काका त्यावर विचार करत राहिले. जन्मभर त्यांच्या अंगठ्यांना जे कळत होतं, ते त्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. "खडा लागतो तिथे थांबू नकोस," ते हळूहळू म्हणाले. "त्याच्या खाली मऊ पडतं. तिथे जा. आता दाब. त्याने श्वास धरला?"

"धरला."

"ती जागा. तिथे वाटी टेकता कामा नये."

चालबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे किल्लीभाऊ आले, मग पलीकडच्या टेबलावरचे दोघं. सगळ्यांना करून बघायचं होतं. टपालवाला म्हणाला, बघा बघा, पायाला एवढी पाहुणेमंडळी लग्नातसुद्धा जमली नव्हती.

सगळ्यांत शेवटी साहेब आले. घड्याळ काढून खिशात ठेवलं, खाली बसले आणि अंगठा ठेवला. कपाळाला आठी घालून त्यांनी वर चाचपलं, खाली चाचपलं.

"मला नाही कळत," ते म्हणाले. "कुठे आहे?"

"थोडं खाली, साहेब," जोडताई म्हणाल्या, आणि त्यांचा अंगठा धरून जागेवर नेला.